स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला?

लातूरहून एका मुलीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, यंदा मी बारावी सायन्स झाले. नीटमध्ये एमबीबीएसला पुरतील एवढे मार्क पडले नाहीत. आमची खानावळ आहे. क्लासेससाठी बाहेरगावाहून आलेली पासष्ट मुलंमुली दोन वेळा आमच्याकडे जेवतात. सकाळी आईबरोबर पोळ्या लाटून मगच मी क्लासला जायचे. गेल्या डिसेंबरात आमच्याकडे जेवणारी एक मुलगी क्लासमध्ये चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन आठ निघालं. आई रोज पोटभर वाढते, मग कमी कुठे पडलं, हे तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. मला न्यूट्रिशन शिकावंसं वाटतं. आत्या म्हणते, स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला? आणि होमसायन्सवाल्यांना नोकरी कोण देतं? बाबा म्हणतात, एक वर्ष ड्रॉप घे, पुन्हा नीट दे. मोबाइलवर तीन महिन्यांत सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट करणारा कोर्स दिसतो, तो स्वस्त आहे. मी काय करू? आईनंही विचारलंय, परीक्षेच्या दिवसांत मुलं जेवतच नाहीत, त्यांना काय द्यावं? नाव छापू नका."

आधी त्या चक्कर आलेल्या मुलीबद्दल बोलू. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या रक्ताच्या रिपोर्टात आहे.

हिमोग्लोबिन आठ, एवढंच कळलं तर निम्मंच कळलं. त्याच कागदावर खाली एमसीव्ही नावाचा आकडा असतो. तांबड्या पेशी सरासरी केवढ्या आहेत, ते त्यावरून कळतं. लोह कमी पडलं की पेशी लहान आणि फिक्या होतात. फोलेट किंवा बी-१२ ही जीवनसत्त्वं कमी पडली की त्या फुगून मोठ्या होतात. बाहेरून दोन्ही मुली सारख्याच दिसतात. दोघी दमतात, दोघींना जिना चढताना धाप लागते. पण एकीचं औषध दुसरीच्या कामाचं नाही. आणि दोन्ही गोष्टी एकदम कमी असल्या तर लहान-मोठ्या पेशींची सरासरी अगदी ठीक येते आणि वाचणारा फसतो. ती मुलगी अजून तुमच्याकडे जेवत असेल तर तिला रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे पाठवा, नुसत्या गूळ-शेंगदाण्यावर ठेवू नका.

आता आईच्या ताटाकडे येते. त्या ताटात लोह असणारच. बाजरीत १०० ग्रॅमला सहा मिलिग्रॅमहून जास्त लोह असतं. पण ताटातलं लोह म्हणजे रक्तातलं लोह नव्हे. धान्य-डाळींतलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं, शोषू देत नाही. जेवल्या जेवल्या चहा घेतला की चहातलं टॅनिन आणखी आडवं येतं. उलट त्याच जेवणावर लिंबू पिळलं, आवळ्याची फोड वाढली की तेच लोह जास्त शोषलं जातं. मटकीला मोड आणले की फायटेट घटतं. म्हणजे मोड आणायची आपल्या आज्यांची रीत रसायनशास्त्राला धरूनच होती. शिवाय त्या मुलीची पाळी किती दिवस चालते, पोटात जंत आहेत का, खोलीवर जाऊन ती जेवणावर चहा पिते का, हेही विचारावं लागेल. हे प्रश्न कोणते आणि कोणत्या क्रमानं विचारायचे, ते शिकायला कॉलेज लागतं.

आत्याला आणखी एक गोष्ट सांग. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत आणि दगावत. त्यांच्या तांबड्या पेशी मोठ्या झालेल्या असत. बाईंनी त्या बायका काय खातात ते पाहिलं, तसाच आहार प्राण्यांना देऊन बघितला. शेवटी मार्माइट नावाच्या यीस्टच्या काळ्या अर्कानं आधी माकड आणि मग बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी हे छापलं. त्या अर्कातला गुण देणारा पदार्थ म्हणजेच फोलेट. शाळेत आठवड्याला एकदा निळी गोळी मिळाली असेल ना तुला? तिच्यात लोहाबरोबर फॉलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचंच एक रूप, असतं. परळ-लालबागसारख्या गिरणभागातल्या त्या बायकांच्या ताटापासून ती गोळी तुझ्या हातावर आली आहे. याला स्वयंपाक म्हणायचं असेल तर आत्यानं खुशाल म्हणावं, पण मग स्वयंपाकाला मान द्यावा.

आणि काम संपलेलं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांच्या आसपास बायकांना रक्तक्षय निघाला. तुमच्या खानावळीच्या पंगतीत बसलेल्या मुलींची संख्या घे आणि तूच बघ, चक्कर येऊन पडली ती एकच, न पडलेल्या किती असतील.

हे शिक्षण कसं असतं, ते सांगते. पदवीच्या पहिल्या वर्षी पाककृतीपेक्षा शरीरक्रियाशास्त्र आणि बायोकेमिस्ट्रीच जास्त भेटते. पुढे अन्नरसायन, मायक्रोबायॉलॉजी, संख्याशास्त्र, मोठ्या प्रमाणावर स्वयंपाक चालवण्याचं व्यवस्थापन, मग आजारांतला आहार आणि गावपातळीवरचं पोषण. स्वयंपाकाचं प्रात्यक्षिक असतं, पण तिथे वरणाची चव कुणी विचारत नाही. कच्ची डाळ किती ग्रॅम, शिजून किती झाली, एका वाटीत प्रथिनं किती गेली, हे विचारतात.

नमुन्याला एक हिशेब तुझ्याच घरचा. समज, रात्रीच्या वरणाला आई दीड किलो तूरडाळ लावते. पासष्टांत भागली की माणशी २३ ग्रॅम. तूरडाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, म्हणजे एकाच्या वाटीत आली पाच ग्रॅम. तुझ्या वयाच्या मुलीला दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास लागतात. बाकीची पोळ्या, भात, दूध, उसळ यांतून यायला हवीत. आणि जी मुलगी वजनाच्या धास्तीनं दोनच पोळ्या खाते आणि उसळ बाजूला सारते, तिचा हिशेब तिथेच चुकतो. आई वाढण्यात कमी पडत नाही, हे मी मनापासून सांगते. पोट भरणं आणि शरीराची गरज भरणं यांत अंतर राहतं, ते मोजल्याशिवाय दिसत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली आपल्या ५२८ खाद्यपदार्थांचे तक्ते काढले आहेत, ते मिळव. सुट्टीत तुमच्या एका आठवड्याच्या जेवणाचा असा हिशेब मांडून बघ. त्यात तुझे तास कसे गेले ते कळलं नाही, तर हा विषय तुझा आहे. दुसऱ्या दिवशीच कंटाळा आला, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

कॉलेजांची नावं म्हणशील तर मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं जुहूचं कॉलेज आणि निर्मला निकेतन, नागपुरात एलएडी, आणि आपल्या मराठवाड्यात परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय, जे आधी गृहविज्ञान म्हणून ओळखलं जायचं. परभणीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि ऐसपैस आहे. त्यात वस्त्रशास्त्रापासून बालविकासापर्यंत सगळं थोडंथोडं येतं, आणि पोषणाचं खोल शिक्षण एम.एस्सी.ला मिळतं. राज्याबाहेर बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज ही जुनी, भक्कम ठिकाणं आहेत. फूड टेक्नॉलॉजी मात्र वेगळी वाट आहे हो, ती कारखान्याकडे जाते. नावं सारखी वाटतात म्हणून फॉर्म भरताना गल्लत करू नकोस.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ. इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात असते, ती कॉलेज लावून देतं की स्वतः शोधावी लागते, आणि तिथे वॉर्डात जायला मिळतं की किचनमध्ये डबे मोजत बसवतात, एवढं त्यांना विचार. प्रॉस्पेक्टस गुळगुळीत कागदावर छापलेलं असतं, खरं काय ते या मुली सांगतात.

वॉर्डात जाणं एवढं महत्त्वाचं का, ते माझ्याच एका चुकीवरून सांगते. मी इंटर्न होते. डायलिसिसवरच्या एका काकांना मी छापील डाएट चार्ट दिला. काकूंनी तो शेजारच्या खाटेवरच्या मुलाकडून वाचून घेतला. सकाळी ओट्स, मधे सफरचंद, दुपारी दोन फुलके. काकू म्हणाल्या, "बाई, ह्यातलं आमच्याकडं काहीच नसतंय. आम्ही ज्वारीची भाकरी खाणारी माणसं." आणि खाटेच्या उशाशी शहाळं होतं. गावाकडून भेटायला आलेल्या कुणीतरी प्रेमानं आणलेलं. शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलीलिटरला अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. मूत्रपिंड बंद पडलेल्या माणसाच्या अंगातून ते बाहेर जात नाही, साठतं, आणि हृदयाचा ठोका बिघडवतं. मी चार्ट हातात देऊन मोकळी झाले होते. शहाळं मला दिसलंच नव्हतं.

आमच्या वरिष्ठ आहारतज्ज्ञ बाई स्टूल ओढून खाटेशी बसल्या. भाकरी केवढी करता, हातानं दाखवा. पिठात मीठ घालता का? पाणी तांब्यानं पिता की पेल्यानं? ठेचा रोज लागतो का? पाऊण तास नुसतं विचारत होत्या. मग भाकरी तशीच ठेवली, तिच्यातलं मीठ काढलं. पोटॅशियम उतरावं म्हणून भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजत घालायची, ते पाणी ओतून द्यायचं, परत जास्त पाण्यात उकडून तेही पाणी ओतायचं आणि मग फोडणी, हे काकूंकडून दोनदा वदवून घेतलं. दिवसाचं पाणी एकाच तांब्यात मोजून ठेवायला सांगितलं. डायलिसिसच्या आधी प्रथिनं आवरायला सांगतात आणि डायलिसिस सुरू झालं की वाढवायला सांगतात, यात काकू गोंधळल्या होत्या. तेही समजावलं. शहाळं भेटायला आलेल्या भाच्याला दिलं. त्या दिवसापासून मी कुणाच्याही हातात छापील चार्ट दिलेला नाही.

तू या बाबतीत माझ्यापेक्षा पुढे आहेस. कोण ताटात काय टाकून उठतं, हे तू वर्षानुवर्षं बघत आलीस. कॉलेजात शिकवून येत नाही ते तुला घरात मिळालं. जे घरात मिळत नाही ते रसायन आणि शरीर, त्याला मात्र निदान चार-पाच वर्षं द्यावीच लागतात.

म्हणून तीन महिन्यांच्या कोर्सबद्दल मी स्पष्टच सांगते, तो घेऊ नकोस. बरेच दिवस पोटात अन्न नसलेला माणूस समोर आला, तर तुझं-माझं मन म्हणेल, भरपूर खाऊ घाला. पण एकदम साखर गेली की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. त्याला थोडं थोडं, मोजून, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन चढवावं लागतं. मेळघाटातलं अतितीव्र कुपोषित मूल आजारी पडून पोषण पुनर्वसन केंद्रात आलं की त्यालाही आधी १०० मिलीलिटरला ७५ कॅलरीचं दूध देतात, सावरल्यावर मग १०० कॅलरीचं. तो उपाशी माणूस आणि ते मूल, दोघांचं शास्त्र एकच. मोबाइलवरच्या कोर्सात हे एखाद्या वाक्यात आलं तरी अशा माणसासमोर उभं राहण्याची तयारी त्यातून होत नाही. कायदाही आता त्याच बाजूला चालला आहे. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्यात आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ हे व्यवसाय नावानिशी आले आहेत. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं हा विषय दूरशिक्षणानं आणि ऑनलाइन शिकवणं बंद केलं आहे.

आता नोकरी. रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून उभं राहायचं तर एम.एस्सी. किंवा डायटेटिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा, सहा महिन्यांची रुग्णालयातली इंटर्नशिप आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा, ही वाट धर. पहिला पगार ऐकून बाबा नाराज होतील, हे आधीच सांगून ठेवते. कष्टाच्या मानानं तो कमीच असतो, रविवारची ड्यूटी असते, किचनच्या ठेकेदाराशी रोज डोकं लावावं लागतं. मूत्रपिंड, कर्करोग, आयसीयू, नवजात बाळं अशा एखाद्या शाखेत हात बसला की मग मागणी वाढते.

स्वतःचा दवाखाना थाटणाऱ्याही पुष्कळ आहेत. चांगलं चालतं, पण निदान तीन-चार वर्षं रुग्णालयात काढल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नकोस. आणि पावडरींचे डबे विकून कमिशन घ्यायची पाळी आणू नकोस स्वतःवर. डबा विकायचा असला की सल्ला डब्याच्या बाजूनं झुकतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

मला विचारशील तर आपल्याकडे माणसं सगळ्यात जास्त हवीत ती सरकारी पोषणाच्या कामात. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे. अंगणवाड्यांवरच्या पर्यवेक्षिकेची भरती, एमपीएससीतून बालविकास प्रकल्प अधिकारी, पोषण पुनर्वसन केंद्रांतली आहारतज्ज्ञाची कंत्राटी जागा, स्वयंसेवी संस्था, हे सगळं तिथे आहे. कंत्राटी जागेत पगार वेळेवर होईलच असं नाही, तेही लक्षात ठेव. पण दंडाला पट्टी लावल्यावर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरलेलं, म्हणजे अतितीव्र कुपोषित, मूल महिन्या-दोन महिन्यांनी त्या खुणेच्या पुढे गेलेलं बघणं, हे दुसऱ्या कुठल्या नोकरीत नाही.

कंपन्यांत लेबलं, नवे पदार्थ, गुणवत्ता अशी कामं असतात. पगार बरा, शहर सोडता येत नाही. खेळाडूंचं पोषण ऐकायला झकास आहे, जागा मोजक्या. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या जाहिरातीत कोणत्या पदव्या चालतात ते प्रत्येक वेळी वाचूनच अर्ज कर. परदेशाचं मनात असेल तर तिथली नोंदणी वेगळी असते. अमेरिकेत २०२४ पासून डाएटिशियनच्या परीक्षेला बसायलाच पदव्युत्तर पदवी लागते. आपली पदवी जशीच्या तशी चालेल, असं धरून चालू नकोस.

आणि संशोधन. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेऊन परतल्या, निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत राहिल्या, मग मुंबईत नीरेवर काम केलं. तीच कुन्नूरची प्रयोगशाळा पुढे हैदराबादला जाऊन राष्ट्रीय पोषण संस्था झाली, आणि तिथे आज एम.एस्सी. करता येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं वजनाला हलकी, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त. पुढे मधुमेह का होतो याचा एक धागा आईच्या पोटातल्या दिवसांपर्यंत जातो, हे त्यातून पुढे आलं. चाळिशीतला मधुमेह आणि गरोदर बाईचं ताट यांचा असा संबंध लावणारं शास्त्र तू शिकायला निघाली आहेस.

राहिलं ड्रॉपचं. तुझं पत्र परत उघडून बघ. त्यात 'डॉक्टर' हा शब्द एकदाही आलेला नाही. आईचं ताट, ती मुलगी, कमी कुठे पडलं, हेच आहे. तरी बाबांचं म्हणणं धुडकावू नकोस, त्यांना तुझ्या भाकरीची काळजी आहे. त्यांना हे पत्र वाचायला दे आणि सांग, एमबीबीएस मिळालं नाही म्हणून मी इकडे जात नाही. पण तसं सांगण्याआधी स्वतःला विचारून घे. मनातून डॉक्टरच व्हायचं असेल तर एक वर्ष दे, पण एकच. रडत रडत इथे आलेल्या मुली मी शिकवल्या आहेत. तीन वर्षं त्यांचा जीव वॉर्डातल्या स्टेथोस्कोपकडे लागलेला असतो आणि रुग्णाचं ताट त्यांना दिसत नाही. बारावीच्या केमिस्ट्रीतला बायोमॉलिक्यूल्सचा धडा मार्कांची चिंता नसताना एकदा परत वाच. गोडी लागली तर फॉर्म भर.

आईंना नमस्कार सांग. परीक्षेच्या दिवसांत मुलांची भूक मरते, तेव्हा ताट लहान करा आणि वेळा वाढवा. सकाळी रिकाम्या पोटी चहा देऊ नका, आधी शेंगदाणा-गुळाचा लाडू किंवा केळं हातात द्या. रात्री मूगडाळीची मऊ खिचडी आणि वर तूप, लिंबाची फोड. खाणाऱ्यांना एक उकडलेलं अंडं, न खाणाऱ्यांना वाटीभर दही. नीटचा पेपर दुपारी दोनला असतो आणि केंद्रावर फार आधी जावं लागतं, म्हणून त्या दिवशी पंगत साडेदहालाच बसवा. दहीभात किंवा पोळी आणि साधी भाजी, वर्षभर खाल्लंय तेच. मे महिन्याचं ऊन असतं, निघताना प्रत्येकाला पेलाभर ताक, चिमूटभर मीठ घालून.